‘करतो’ आणि ‘करून राहिलो’ : इंग्रजी वर्तमानकाळाची दोन रूपे

हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरील गोंदिया स्थानकातून एक फाटा उत्तरेस बालाघाट-जबलपूरकडे आणि दुसरा दक्षिणेस बल्लारशाहकडे जातो. आणि या स्थानकात इंग्रजी भाषेच्या वर्तमानकाळाची दोन्ही रूपे दिवसाकाठी कितीतरी वेळा एकमेकांच्या शेजारी नांदत असतात. मुंबईस जाणारी विदर्भ एक्सप्रेस किंवा कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस अमुक वाजता सुटते, हा वेळापत्रकातील मजकूर इंग्रजी वाक्यात सांगावयाचा झाला तर ‘द ट्रेन लीव्ह्ज’ असे म्हणावे लागते. आणि एखादी गाडी फलाटाला लागण्याच्या बेतात असली म्हणजे ध्वनिक्षेपकावरून ‘इज अरायव्हिंग’ हे शब्द कानी पडतात. दोन्ही वाक्ये वर्तमानकाळाचीच. परंतु काटेकोरपणे पाहू गेल्यास त्यांतील एकही या क्षणी घडत असलेल्या गोष्टीविषयी नाही, कारण पहिल्या वाक्यातील गाडी कदाचित उद्याची असेल आणि दुसऱ्यातील गाडी अद्याप गंगाझरी ओलांडून गोंदियाच्या सिग्नलपाशी खोळंबलेली असेल. असे असता एकीकडे साधा वर्तमानकाळ आणि दुसरीकडे चालू वर्तमानकाळ का यावा, या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या प्रयत्नात आपल्या शाळांमधून सांगितल्या जाणाऱ्या नियमाची मर्यादा ध्यानात येते, आणि गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या तोंडी असलेल्या बोलीचे एक दुर्लक्षित सामर्थ्यही दृष्टीस पडते.

शाळेतील नियम सर्वांस पाठ असतो: रोज किंवा नेहमी घडणारी गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगावी, आणि आता, या क्षणी चाललेली गोष्ट चालू वर्तमानकाळात सांगावी. पहिल्या पायरीवर हा नियम उपयोगी पडतो, याविषयी वाद नाही; परंतु थोडे पुढे गेले की तो पदोपदी अडू लागतो. मला या क्षणी तुमचे म्हणणे पटते, या क्षणी मला तहान लागली आहे म्हणून पाणी हवे आहे, या क्षणी तुमचे नाव मला ठाऊक आहे, या साऱ्या गोष्टी आताच्याच असूनही इंग्रजीत त्या साध्या वर्तमानकाळातच सांगाव्या लागतात. उलट, नागपूरच्या महाविद्यालयात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी गेलेला आमगावचा तरुण रात्री गाढ झोपलेला असला तरी त्याचे वडील ‘माय सन इज स्टडीइंग इन नागपूर’ असेच म्हणतात आणि त्यांचे ते म्हणणे निर्दोष असते. क्रिकेटचा समालोचक डोळ्यांसमोर पडणाऱ्या चेंडूचे वर्णन करताना ‘ही बोल्स’, ‘ही ड्राइव्ह्ज’ अशी साधी रूपे वापरतो, आणि तोच समालोचक दोन चेंडूंच्या मधल्या अवकाशात, गोलंदाज आपल्या खुणेकडे परतू लागला की, ‘ही इज वॉकिंग बॅक’ असे म्हणतो. तात्पर्य, घड्याळाकडे पाहून या दोन रूपांची निवड करणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

मग इंग्रजी भाषा पाहते तरी कशाकडे? ती पाहते वक्त्याच्या दृष्टीकडे. एखादी गोष्ट वक्त्याला सिद्ध, अखंड, स्थिरपद अशी भासते, की आरंभ होऊन गेलेली, शेवट न झालेली आणि केव्हातरी संपणारी अशी भासते, या एका प्रश्नावर दोन्ही रूपांचा निवाडा होतो. तलाठ्याच्या दप्तरातील सातबाऱ्याची नोंद आणि जागेवर जाऊन केलेला पंचनामा या दोहोंत जी तफावत असते, तीच या दोन काळांत आहे, असे म्हटल्यास चुकीचे होणार नाही. सातबारा सांगतो की या गटात धान घेतले जाते; पंचनामा सांगतो की आम्ही गेलो त्या वेळी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, गुडघाभर पाणी उभे होते. दोन्ही दस्तऐवज एकाच जमिनीविषयी असतात आणि दोन्ही खरे असतात. परंतु एकाचा विषय जमिनीची कायम स्थिती हा असतो, आणि दुसऱ्याचा विषय चालू प्रसंग हा असतो.

या भेदाला उदाहरणे हवी असतील तर गोंदिया जिल्ह्याइतका सोयीचा मुलूख दुसरा मिळणे कठीण, कारण येथील सारे जीवन धानाच्या हंगामाशी बांधलेले आहे, आणि हंगाम म्हणजे नित्य पुनरावृत्त होणारी आणि तरीही दरवर्षी नव्याने चालू राहणारी अशी क्रिया होय. मृगाच्या सुमारास पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकतात, आषाढ-श्रावणात रोवणी होते, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी होते. हा क्रम कोणा परक्यास सांगताना ‘फार्मर्स ट्रान्सप्लांट पॅडी इन जुलै’ असा साधा काळ योग्य ठरतो, मग ते वाक्य जानेवारीत उच्चारलेले का असेना. परंतु जुलै महिन्यात तिरोड्याहून गोंदियाकडे येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ओळीने वाकलेल्या बाया दिसल्या, तर प्रवासी ‘दे आर ट्रान्सप्लांटिंग पॅडी’ असेच म्हणेल. वैनगंगेचेही तसेच. ती मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. हे भूगोलाचे विधान असल्यामुळे ‘राइझेस’ आणि ‘फ्लोज’ ही साधी रूपे येतात. पण भर पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्यावर नदी पुलावरून वाहू लागली, तर जिल्हाधिकारी कचेरीच्या इशाऱ्यात ‘द रिव्हर इज फ्लोइंग ओव्हर द ब्रिज’ असे लिहावे लागते. तेथे कारकुनाने चुकून साधे रूप लिहिले, तर नदीने पुलावरून वाहण्याचा परिपाठच ठेवला आहे असा अर्थ होऊन बसेल.

सारस पक्ष्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. महाराष्ट्रात हा पक्षी आता प्रामुख्याने गोंदिया आणि लगतच्या भंडारा जिल्ह्यात उरला आहे. तो जोडीने राहतो, पाणथळ जागी आणि धानाच्या बांधीत वावरतो, पावसाळ्यात घरटे करतो. ही सारी त्याच्या जातिस्वभावाची लक्षणे असल्यामुळे पक्षिशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथात ती साध्या वर्तमानकाळात येतात. त्याच पक्ष्याची एखादी जोडी अमुक गावच्या बांधीत घरटे बांधीत असल्याचे एखाद्या पक्षिमित्राने इंग्रजीत कळविले, तर तेथे चालू काळ येतो. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून अनेक वर्षे राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या निरीक्षकाच्या कामात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात: दैनंदिनीतील पाहणी आणि त्या पाहण्यांच्या राशीतून निघालेला स्वभावाचा निष्कर्ष. पहिलीचा काळ चालू, दुसऱ्याचा काळ साधा. आणि पहिलीची पुरेशी जमाबंदी झाल्याखेरीज दुसरा लिहिण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही, हेही त्यावरून कळते.

बदलीच्या सरकारी नोकराची गोष्ट घ्या. गोंदियाचाच मूळ रहिवासी ‘आय लिव्ह इन गोंदिया’ म्हणतो; परंतु पुण्याहून देवरीला बदलून आलेला, कुटुंब मागे ठेवलेला आणि पुढील बदलीच्या हुकुमाची वाट पाहणारा कारकून ‘आय ॲम लिव्हिंग इन देवरी’ असे म्हणतो, आणि त्या एका रूपाने आपला मुक्काम तात्पुरता असल्याची इतल्ला समोरच्याला देऊन टाकतो. पाच वर्षांनी त्याने तेथेच घर बांधले आणि तो साध्या रूपाकडे वळला, तर इंग्रजी जाणणाऱ्या माणसास कोणतेही स्पष्टीकरण न विचारता कळेल की गृहस्थ स्थायिक झाले.

ही दृष्टी भारतीय विचाराला अपरिचित आहे असे समजण्याचे कारण नाही. पाणिनीने वर्तमानासाठी लट् हा एकच लकार सांगितला, आणि त्यामुळेच पतंजलीला इ. स. पू. दुसऱ्या शतकात महाभाष्यामध्ये एका शंकेचा ऊहापोह करावा लागला. आम्ही येथे अध्ययन करतो, असे म्हणणारा शिष्य त्या घटकेस अध्ययन करीत नसेल, तर त्याच्या वाक्यात वर्तमानकाळ कसा संभवतो? यावरील समाधानाचा आशय असा की आरंभिलेले कार्य जोवर संपलेले नाही तोवर ते वर्तमानच होय. जेवणारा मनुष्य मध्येच हसतो, बोलतो, पाणी पितो, म्हणून त्याचे जेवण खंडित झाले असे कोणी मानीत नाही. दुसरी शंका पर्वतांची आणि नद्यांची: पर्वत उभे असतात, नद्या वाहतात, यांत भूत आणि भविष्य असा विभागच करता येत नाही, मग त्यांना वर्तमान तरी कोणत्या आधारावर म्हणावे? संस्कृताने या दोन्ही प्रकारांना एकाच लकाराच्या छत्राखाली घेतले. इंग्रजीने मात्र दोहोंची वाटणी केली आहे. आरंभिलेल्या आणि अपुऱ्या कार्याला ती बहुधा चालू काळ देते. पर्वत आणि नद्या यांच्याकडे साधा काळ जातो. सबब, पतंजलीच्या या दोन शंका ज्याला नीट उमजल्या, त्याला इंग्रजी वर्तमानकाळाचे निम्मे मर्म हाती आले असे समजावे.

मराठीकडे वळले म्हणजे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले, आणि आज शाळेत आपण शिकतो ती काळांची विभागणी अशाच ग्रंथांच्या परंपरेतून आली आहे. या विभागणीत ‘जातो’ हे एक रूप, ‘जात आहे’ हे दुसरे आणि ‘जात असतो’ हे तिसरे. पैकी ‘जातो’ या रूपावर मराठीने इतकी कामे सोपविली आहेत की त्याची गणती करणे अवघड. ‘तो रोज शाळेत जातो’ यात ते नित्यक्रम सांगते. ‘बरं, मी जातो आता’ यात ते पुढच्याच क्षणाचा भविष्यकाळ दाखविते. आणि ‘कुठे निघालास?’ या प्रश्नाला ‘बाजारात जातो’ असे उत्तर आले, तर चालू क्रियेचेही काम तेच भागविते. तिसरे रूप याहून अधिक फसवे, कारण त्याचा बाह्य आकार चालू क्रियेचा, पण अर्थ निव्वळ सवयीचा असतो. ‘मी दररोज पेपर वाचत असतो’ या वाक्यातील ‘वाचत’ पाहून विद्यार्थी ‘आय ॲम रीडिंग द पेपर एव्हरी डे’ असे भाषांतर करून मोकळा होतो, वास्तविक तेथे ‘आय रीड’ एवढेच हवे असते. मराठी माणसाच्या इंग्रजीत चालू काळाचा जो अनावश्यक सुकाळ दिसतो, त्यातील बराच भाग या ‘-त असतो’च्या खात्यावर मांडावा लागेल.

येथे विदर्भाच्या बोलीचा प्रवेश होतो. पुण्या-मुंबईकडील मनुष्य ‘काय करतोस?’ किंवा ‘काय करतोयस?’ असे विचारील तेथे नागपूर-भंडारा-गोंदियाकडील मनुष्य ‘काय करून राहिला?’ असे विचारतो. ‘पाणी येऊन राहिलं’, ‘पोरगा अभ्यास करून राहिला’, ‘मी आमगावला जाऊन राहिलो’ ही तेथील रोजची वाक्ये होत. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या उच्चारांत ‘राहिलो’चे ‘रायलो’ होते एवढेच. प्रमाण मराठीच्या कानाला ही रूपे भूतकाळासारखी वाटतात आणि पुष्कळदा ती विनोदाचाही विषय होतात. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पाहिल्यास हे एक निखालस, निःसंदिग्ध आणि स्वतंत्र असे चालू वर्तमानकाळाचे रूप आहे. हिंदीतील ‘कर रहा हूँ’ची घडण आणि याची घडण एकाच जातीची, हेही उघड आहे. गोंदियाच्या उत्तरेस बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड. जिल्ह्यात मराठीच्या बरोबरीने हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी बोलणारे लोक. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडच्या आणि पुढे मध्य प्रदेशच्या द्विभाषिक राज्यकारभारात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झालेला. अशा सरमिसळीच्या प्रदेशात शेजारच्या भाषांची ठेवण परस्परांत उतरावी, यात आश्चर्य ते कोणते?

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की ‘करून राहिलो’ हे रूप सवयीच्या अर्थाने येत नाही. ‘मी रोज सकाळी दूध घालून राहिलो’ असे गोंदियाचा गवळी म्हणणार नाही. तो ‘घालतो’ म्हणेल. आणि तो दारात कॅन घेऊन उभा असता कोणी हाक मारली, तर ‘दूध घालून राहिलो’ असे ओरडून सांगेल. पुण्याच्या विद्यार्थ्याला ‘करतो’ या एकाच रूपातून इंग्रजीची दोन रूपे वेगळी काढावी लागतात. गोंदियाच्या विद्यार्थ्याजवळ ती दोन रूपे आधीपासूनच स्वतंत्र आहेत. ‘करतो’च्या जागी ‘डू’, ‘करून राहिलो’च्या जागी ‘ॲम डूइंग’, हा सांधा बहुतेक ठिकाणी अचूक बसतो. असे असूनही वर्गात पाऊल टाकताच हीच रूपे अशुद्ध म्हणून बाजूस सारली जातात, त्यांच्या जागी ‘करीत आहे’ हे पुस्तकी रूप येते, आणि मग त्या अपरिचित रूपाच्या मार्फत त्याहून अपरिचित अशी इंग्रजी शिकविण्याचा द्राविडी प्राणायाम सुरू होतो. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते, तत्पूर्वी ते पाचवीपासून होते. म्हणजे पूर्वीपेक्षा आज मूल कितीतरी लहान वयात या भेदाला सामोरे जाते, आणि त्या वयात त्याच्याजवळ घरच्या बोलीखेरीज दुसरे भांडवल फारसे नसते.

तथापि हा सांधा सर्वत्र बसत नाही, आणि जेथे बसत नाही ते स्थळ नेमके ओळखणे हाच खऱ्या शिक्षणाचा भाग होय. वैदर्भीय बोलीत ‘मला समजून नाही राहिलं’, ‘मला दिसून राहिलं’ असे सर्रास म्हणतात. प्रमाण मराठीतही ‘मला कळतंय’, ‘मला वाटतंय’, ‘मला दिसतंय’ ही रूपे निर्दोष आहेत. इंग्रजी मात्र येथे हटवादी. जाणणे, समजणे, मानणे, आवडणे, हवे असणे, मालकीचे असणे, सामावणे, साम्य असणे या क्रियांना ती क्रियाच मानीत नाही, स्थिती मानते. आणि स्थितीला मधला टप्पा नसल्यामुळे तिला चालू काळ लावण्याचे प्रयोजन नाही, असा तिचा युक्तिवाद असतो. अमेरिकेतील तत्त्वज्ञ झेनो वेंडलर याने १९५७ साली क्रियापदांची स्थिती, व्यापार, सिद्धीस जाणारे कार्य आणि क्षणात घडणारी प्राप्ती अशी चतुर्विध वर्गवारी मांडली, तीत या भेदाचे शास्त्रीय विवेचन सापडते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या इंग्रजी व्याकरणातही अशा क्रियापदांची यादी दिलेली आहे. यांतील पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होता आणि पुढे ‘बो जेस्ट’ या १९२४ सालच्या कादंबरीने विख्यात झाला. यादी पाठ करण्याने मात्र काम भागत नाही, कारण पुष्कळ क्रियापदे अर्थागणिक आपली जात बदलतात.

धान खरेदी केंद्रावर याचा सुरेख दाखला मिळतो. काट्यावर ठेवलेला कट्टा चाळीस किलो भरतो, हे कट्ट्याचे लक्षण झाले. म्हणून ‘द बॅग वेज फॉर्टी किलोज’. परंतु हमाल तो कट्टा काट्यावर चढवून वजन करू लागला, तर ती त्याची क्रिया. म्हणून ‘द मॅन इज वेइंग द बॅग’. क्रियापद एकच, आणि काट्यावरील आकडाही एकच. तसेच ‘थिंक’चे: ‘आय थिंक’ म्हणजे माझे मत असे आहे, ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे मी अद्याप विचार करून राहिलो, मत ठरावयाचे आहे. ‘आय हॅव टू एकर्स’ ही मालकी; ‘आय ॲम हॅविंग लंच’ हे जेवण. मराठीत ‘माझ्याजवळ दोन एकर आहेत’ या वाक्यातील ‘आहेत’मुळे भुलून ‘आय ॲम हॅविंग टू एकर्स’ असे लिहिणारा अर्जदार वस्तुतः आपल्या मालकीविषयी वाचणाऱ्याच्या मनात संशय उत्पन्न करीत असतो, याची त्यास कल्पनाही नसते. ‘ही इज पोलाइट’ आणि ‘ही इज बीइंग पोलाइट’ यांतील अंतर तर मनुष्यस्वभावाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे: पहिला मनुष्य स्वभावतः विनयशील, दुसरा तूर्त विनय दाखवीत असलेला.

नको तेथे चालू काळ वापरण्याच्या भारतीयांच्या इंग्रजीतील या प्रवृत्तीला साहित्यातही स्थान मिळाले आहे. मुंबईच्या बेने इस्रायल समाजात, म्हणजे मराठी मातृभाषा असलेल्या ज्यू समाजात, जन्मलेले कवी निसिम इझिकेल (१९२४–२००४) यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या प्रसिद्ध कवितेत एका निरोपसमारंभाचे भाषण रचले आहे आणि त्यातील बहुतेक क्रियापदे अशा अनावश्यक चालू काळात घालून वक्त्याचे व्यक्तिचित्र उभे केले आहे. आज खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही आवडण्या-नावडण्याची क्रियापदे बोलण्यात आणि जाहिरातीत चालू काळात येऊ लागली आहेत. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा नोकरीच्या अर्जात त्या सवलतीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

याच्या उलट दिशेची चूकही आढळते, आणि तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. मराठीत मनुष्य ‘बसला आहे’, ‘झोपला आहे’, ‘उभा आहे’, त्याने ‘सदरा घातला आहे’. म्हणजे क्रिया पुरी झाली आणि तिचा परिणाम उरला, असा आपला दृष्टिकोन. इंग्रजीला मात्र बसून असणे, झोपून असणे, उभे असणे, अंगात कपडा असणे, या साऱ्या चालू आणि तात्पुरत्या अवस्था वाटतात, म्हणून ‘इज सिटिंग’, ‘इज स्लीपिंग’, ‘इज स्टँडिंग’, ‘इज वेअरिंग’. येथे ‘बसून राहिला’ ही बोली कामास येत नाही, कारण तिचा अर्थ बसून राहण्याचा हट्ट धरणे किंवा तिष्ठणे याकडे झुकतो. आणि ‘बसत आहे’ असे पुस्तकी रूप घ्यावे, तर ते खाली टेकण्याच्या हालचालीचे वर्णन होते. अशा अवस्थांची एक छोटी वही विद्यार्थ्याने वेगळी ठेवणेच इष्ट.

कचेरीच्या इंग्रजीत आणखी एक प्रकार भेटतो. प्रतिज्ञापत्रात मनुष्य ‘आय सॉलेम्नली अफर्म’ असे लिहितो, साक्षीदार शपथ घेतो, पीठासीन अधिकारी सभा तहकूब करतो. या साऱ्या क्रिया बोलण्याच्या त्याच क्षणी घडतात, तरी तेथे चालू काळ चालत नाही. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत या कोड्याची उकल केली. अशा वाक्यांत उच्चार हीच कृती असते. शब्द संपताच कृतीही संपूर्ण झालेली असते. क्रिकेटच्या समालोचकाचा ‘ही बोल्स’ हाही थोडाफार याच जातीचा, कारण चेंडू टाकण्याची क्रिया वाक्याइतक्याच वेळात आटोपते. ‘आय ॲम अफर्मिंग’ असे लिहिणाऱ्याने शपथेला आरंभ केला आहे, पण ती अद्याप पुरी झालेली नाही, असा अर्थ निघून दस्तऐवजाचे गांभीर्य नाहीसे होते.

भविष्याकडे बोट दाखविताना दोन्ही रूपांची वाटणी आरंभीच्या स्थानकातील गाड्यांप्रमाणेच होते. वेळापत्रकाने बांधलेली गोष्ट साध्या काळात: गाडी सुटते, परीक्षा सुरू होते, सुट्टी संपते. आपण स्वतः ठरविलेली, तिकीट काढून किंवा शब्द देऊन पक्की केलेली गोष्ट चालू काळात: ‘आय ॲम गोइंग टु नागपूर टुमॉरो’. एकाच्या मागे संस्थेचा हुकूम, दुसऱ्याच्या मागे माणसाचा मनसुबा. कटकटीचा सूर काढावयाचा असेल तर सवयीलाही चालू काळ लागतो. शेजारी सदा न कदा सायकल मागतच असतो, या तक्रारीसाठी ‘ही इज ऑलवेज बॉरोइंग माय बायसिकल’ हेच रूप योग्य, आणि येथे मात्र मराठीचा ‘-तच असतो’ इंग्रजीशी तंतोतंत जुळतो. ‘पासून’ हा शब्द आला की मात्र दोन्ही वर्तमानकाळ बाद होतात: ‘मी पाच वर्षांपासून येथे काम करतो’ याचे इंग्रजी ‘आय हॅव बीन वर्किंग’, कारण मागील काळात रोवलेले क्रियेचे मूळ तेथे मोजले जाते. नोकरीच्या अर्जांत सर्वांत अधिक आढळणारी चूक हीच.

हे सारे काटेकोर नियम इंग्रजीत फार प्राचीन काळापासून चालत आले आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. इ. स. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘हॅम्लेट’ नाटकात हाती पुस्तक धरून येणाऱ्या राजपुत्राला वृद्ध पोलोनियस काय वाचता म्हणून विचारतो, तो साध्या काळात. आज असा प्रश्न चालू काळातच विचारावा लागेल. पुढील दोनशे वर्षांत चालू रूपाने एकेक प्रांत जिंकीत आपली हुकूमत वाढविली. घर बांधले जात आहे, या अर्थी ‘द हाऊस इज बिल्डिंग’ असे म्हणण्याची जुनी रीत होती. ‘इज बीइंग बिल्ट’ हे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले तेव्हा ते अवजड आणि अडाणी आहे असा गिल्ला एकोणिसाव्या शतकातील कित्येक व्याकरणकारांनी केला. फ्रेंच आणि जर्मन या शेजारच्या भाषांत आजही बहुतेक प्रसंगी एकाच वर्तमानकाळावर भागते, त्यामुळे पॅरिसचा विद्यार्थी या ठिकाणी जितका अडखळतो तितके अडखळण्याचे गोंदियाच्या विद्यार्थ्याला कारण नाही.

म्हणून शिक्षकाने वर्गात तीन प्रश्नांचा परिपाठ घालून द्यावा. पहिला प्रश्न: ही घडणारी गोष्ट आहे की नुसती असणारी? असणारी असेल, तर साधा काळ. मग बोलीत ‘समजून राहिलं’ म्हणत असले तरी हरकत नाही. दुसरा प्रश्न: घडणारी असेल तर घरी आपण ‘करतो’ म्हणू, की ‘करून राहिलो’? उत्तर येईल त्याप्रमाणे रूप निवडावे. तिसरा प्रश्न: वाक्यात ‘पासून’ आहे काय? असेल तर दोन्ही वर्तमानकाळ सोडावेत. उच्चार हीच कृती असणारी कचेरीची वाक्ये आणि ‘बसला आहे’ या जातीच्या अवस्था यांचा अपवाद वेगळा शिकवावा, आणि तोही पुढच्या इयत्तेत. या परिपाठाला नवे पुस्तक लागत नाही, फक्त मुलाने घरचे वाक्य घरच्या बोलीत मोठ्याने म्हणावे एवढी मोकळीक लागते. गोंदियाच्या मुलाला क्रियेची सवय आणि क्रियेची चाल यांतील भेद शिकवावा लागत नाही, कारण तो भेद त्याच्या बोलीने त्याला बालपणीच दिलेला असतो. त्याला शिकवावयाचे ते एवढेच की स्थितिवाचक क्रियापदांच्या उंबरठ्यावर इंग्रजी कोठे थांबते आणि त्याची बोली कोठे पुढे जाते.